पाया हाय, पण खड्डा कुठंय?

महाळुंगे पडवळला दादाभाऊंचं मंगल कार्यालय व्हणार व्हतं. जागा म्हंजे बुजवलेला नाला. वरून टणक, खाली लोण्यावाणी. म्हणून चाकणवरून पायलिंगचं मशीन मागवलं आणि काम बघायला जुन्नरवरून मला. माझी एकट्याची पयलीच साईट. "तौहीद, पयला पाईल बिघडला तर घरी बसशील," हे आमच्या कंपनीच्या साहेबांनी सकाळीच ऐकवलं व्हतं.

पाईल म्हंजे जमिनीत खोल गेलेला काँक्रीटचा खांब. काम तसं सरळ. लांबलचक पोकळ स्क्रू फिरत जमिनीत घालायचा. वर काढताना त्याच्या पोटातून काँक्रीट सोडायचं, म्हंजे भोक खालनंच भरत येतं. मंग ओल्यात लोखंडी गजांचा पिंजरा उतरवायचा. फक्त उशीर करायचा न्हाई, न्हाईतर काँक्रीट आवळतं आन् पिंजरा खाली जात न्हाई.

स्क्रू बाहेर आला. दादाभाऊंची थोरली बहीण रतनआक्का नारळ, हळदकुंकू आणि तांब्या घेऊन पुढं आली.

"खड्डा कुठंय?"

"भरला, आक्का."

"मला न दाखवता?"

"याच्यात खड्डा दिसतच न्हाई. माती निघती तसं काँक्रीट भरतं."

"आन् तांब्या कुठं ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

मी म्हणलो, पिंजरा जाऊ द्या, मंग निवांत पूजा करा. दादाभाऊंनी मान हलवली. "पावणं, पाया म्हणलं की खड्डा. मेंढरांचा वाडा बांधला तवाबी आमी खड्ड्यात उतरून पूजा केली. मेंढरांना खड्डा आन् नवरानवरीला न्हाई?"

"दादाभाऊ, काँक्रीट आवळतंय."

"आवळू दे की. घट्टच पायजे पाया."

मी मशीनवरच्या सावळेरामला पिंजरा उचलायला हात केला. त्यानं मशीन बंद केलं, चपला काढल्या आणि हात जोडून हुबा राह्यला. "आक्का थांब म्हणल्या," म्हणला.

शेवटी मीच फावडं घेतलं आणि पाईलच्या बाजूला खड्डा खांदला. आक्कानं वाकून बघितलं. "एवढासा? यात मांजर तरी बसल का?" अजून खांदला. मंग तांब्या, मंग हळदकुंकू, मंग नारळ. नारळ फुटंना. मंग तांब्यावर माती लोटायला गावातल्या भाच्याला बोलवा, त्याचा मान असतो. भाचा अंघोळीला बसला व्हता.

भाचा आला, माती लोटली, पेढा खाल्ला. सावळेरामनं चपला घातल्या. पिंजरा उतरवला. निम्मा गेला आणि रुतला. वरून दाबला, हलवला, सावळेराम स्वतः त्याला लोंबकळला. न्हाई म्हंजे न्हाई. मी तिथंच मातीत बसलो.

आक्का मातूर लई खूश. माणसाच्या वर डोकावणाऱ्या गजांना तिनं हार घातला. "आता कसा पाया दिसतोय. मघाशी नुस्ता चिखल व्हता."

दादाभाऊ चार पावलं मागं जाऊन बघून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राव, बाकीचे बी असेच ठिवा. पार खाली घालून गावाला दिसणार काय?"

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"झाला पाईल?"

"न्हाई साहेब, वाया गेला. पण मालक खूश हायेत. सगळे असेच पायजेत म्हणतात."

तिकडून फोन कट झाला. आक्कानं माझ्या हातात पेढा ठेवला.