गेणभाऊ सरकतात

अण्णांचा सेट तिनं सुरू केला आणि त्यातून बदकं बोलायला लागली.

तशी ती माणसंच होती. मंचर, जुन्नर, संगमनेर अशी कुठकुठली, रोज सकाळी हौशी रेडिओवर एकमेकांची खुशाली विचारणारी अण्णांची दोस्तमंडळी. पण आवाज असे पातळ आणि चिरके, की एक शब्द लागेल तर शपथ. शीलानं मोठी चकती जराशी फिरवली, परत जागेवर आणली. आवाज वाढवला, कमी केला. उठून खिडकीतून वाकून पाहिलं. चिंचेपासून विहिरीच्या खांबापर्यंत ताणलेली तार होती तिथंच होती, तिच्यावर एक कोतवाल शेपूट हलवत बसलेला. ती येऊन खुर्चीत बसली आणि लगेच पुन्हा उठली.

दादाभाऊ, म्हणजे तिचे अण्णा, जाऊन महिना होत आला होता. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्यावर कळंबच्या घरातली ही पडवीलगतची खोली त्यांची झाली होती. टेबल, सेट, माइक आणि भिंतीवर जगाचा नकाशा. आज रविवार. आज नेटवर, म्हणजे सकाळच्या त्या गप्पांच्या फेरीत, अण्णांसाठी प्रत्येक जण दोन शब्द बोलणार होता. आणि संध्याकाळी त्यांचे दोस्त सयाजीकाका मंचरहून येऊन सेट रेडिओ क्लबसाठी घेऊन जाणार होते. ते तिनंच कबूल केलं होतं. त्याआधी एकदा, अण्णांनी सोडला तसाच्या तसा हा सेट लावून, त्यांच्या माणसांना त्यांच्याविषयी बोलताना ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

तिनं सयाजीकाकांना फोन लावला.

"काका, सेट बिघडलाय. सगळे बदकासारखे बोलतायत."

"मी पण?"

"तुम्ही तर सगळ्यांत जास्त."

"आमची ही रोज तेच म्हणती, सेट नसताना." काका हसले आणि मग, कुणाशी बोलतोय ते आठवल्यासारखे, थांबले. "अगं, लई दिवस बंद व्हता ना. सेटिंग इकडचं तिकडं झालं आसंल. दादाभाऊंची सेटिंगं म्हंजी त्यांची त्यांनाच ठावं. रिसेट मार."

"कसं?"

"सेट बंद कर. मेमरीची दोन बटणं दाबून धर अन् तशीच पॉवर दे. खोक्यातून काढल्यासारखा कोरा व्हईल. मेमरी सगळी पुसली जाईल, पण ती आता कुणाला लागतीय? नायतरी संध्याकाळी येऊन मी तेच करणार व्हतो. चल, नेटचा टाईम झाला, मलाच चालवायचंय."

तिनं सेट बंद केला. डाव्या हाताची दोन बोटं दोन बटणांवर ठेवली, उजवा हात पॉवरकडे नेला. पुण्यात ती प्रुफं तपासायची. चुकलेलं दिसलं की दुरुस्त केल्याशिवाय हाताला चैन पडत नसे. आज हात पुढं जात नव्हता आणि मागंही येत नव्हता. बोटं काढून ती स्वयंपाकघरात गेली. मेथी निवडणाऱ्या आईसमोर उभी राहिली. एक काडी उचलली, खाली टाकली.

"आई, सेट कोरा करावा लागेल म्हणतात. अण्णांनी लावलेलं सगळं जाईल."

"बिघडला कसा गं? जायच्या आदल्या दिवशी तर गेणभाऊंशी बोलत बसले होते. मी ओरडले, चहाचं पाणी झालं म्हणून. तर म्हणतात, थांब उज्ज्वला, गेणभाऊ बोलायला लागले की सरकतात." आईनं देठं बाजूला लोटली. "आता उभी काय राहिलीस? बस तरी, नाहीतर जा तरी."

ते वाक्य शीला शाळेत असल्यापासून ऐकत आली होती. गेणभाऊ म्हणजे आणे गावच्या पठारावरचे, स्वतःच्या हातानं जुळवलेल्या सेटवर बोलणारे. लहानपणी तिला वाटायचं, तोंड उघडलं की डोकं फिरणारा कुणी माणूस असणार. अण्णांच्या दहाव्याला मात्र तिनं पाहिलं, तर हातात टोपी घेऊन भिंतीला टेकून बसलेला शांत म्हातारा. कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. हा सरकलेला?

ती खोलीत परतली. बटणांना हात न लावता नुसती पॉवर दिली. श्रद्धांजली सुरू झाली होती. एक बदक बोललं, मग दुसरं. एकाचा आवाज मध्येच अडला, भरून आला असावा. बदकाचं रडणंही हसण्यासारखंच ऐकू येत होतं. तिच्या वडिलांविषयी माणसं बोलत होती आणि तिला अक्षर कळत नव्हतं. तिच्या टाचा फरशीवर आपटायला लागल्या. बास. तिनं पॉवरवर बोट ठेवलं.

आणि पडवीत बसून कुणी बोलावं तसा स्वच्छ आवाज आला.

"मी गेणभाऊ, आण्याहून. दादाभाऊचं मी काय सांगू? मी सरकायचो, त्यो मागं यायचा. येवढ्या वर्सांत मला कदी म्हनला न्हाई, गेणभाऊ, जाग्यावर ये. बास. येवढंच. ओव्हर."

त्यावर सयाजीकाकांचं बदक बोललं. त्यातला एकच शब्द तिला लागला, कारण तो घरातलाच होता. सरकलात.

ती हलायची थांबली.

सरकत होता तो गेणभाऊंचा सेट. ऐकताना जागेवर, पण बोलायचं बटण दाबलं की त्यांचा आवाज ठरल्या जागेच्या, म्हणजे ठरल्या फ्रिक्वेन्सीच्या, बाजूला जाऊन पडत होता. बाकीच्यांना ते बदकासारखे ऐकू येत असणार, आत्ता बाकीचे तिला येत होते तसे. अण्णा आपलं बोलणं जागेवर ठेवून नुसतं ऐकणं बाजूला सरकवायचे आणि त्यांना गाठायचे. आणि जायच्या आदल्या दिवशी सेट तिथंच ठेवून, गार चहा प्यायला उठले होते.

तिनं बटणांच्या ओळी पाहिल्या. सगळ्यांवरची अक्षरं शाबूत होती. चकतीखालच्या एकावरची मात्र पार झिजून गेली होती. तिनं ते दाबलं, तसं ऐकणं जागेवर आलं.

"…आज तरी कळाया पायजे व्हतं, राव." सयाजीकाका होते, अगदी माणसासारखे. "दादाभाऊंसाठी बोलले गेणभाऊ अन् आमाला एक अक्षर लागंना. कुणी घेतलं का? ओव्हर."

कुणी बोललं नाही. नुसती खरखर. इतकी वर्षं अशा वेळी अण्णा बोलत आले असणार, म्हणून तर दुसऱ्या कुणाला कधी आपला सेट सरकवावा लागला नव्हता. गेणभाऊ काय म्हणाले ते दादाभाऊ सांगतील, अशी सवयच पडून गेलेली.

शीलानं माइक उचलला. कॉलेजात असताना अण्णांनी तिला परीक्षेला बसवून लायसन्स काढायला लावलं होतं. पहिल्या दिवशी हवामान सांगून ती जी पळाली, ती पुन्हा या खुर्चीत बसली नव्हती. लायसन्स मात्र अण्णा दर वेळी विसरू न देता चालू ठेवायला लावत. तिनं बटण दाबलं, रेडिओवरची आपली ओळख, म्हणजे कॉलसाइन, सांगितली.

"शीला बोलतेय. दादाभाऊंची मुलगी. गेणभाऊ म्हणाले..." तिनं श्वास घेतला. "दादाभाऊचं मी काय सांगू. मी सरकायचो, त्यो मागं यायचा. येवढ्या वर्सांत मला कदी म्हनला न्हाई, गेणभाऊ, जाग्यावर ये. ओव्हर."

तिनं बटण सोडलं.

"घेतलं," सयाजीकाका म्हणाले. "शीले, घेतलं सगळ्यांनी." मग म्हणाले, "रिसेट मारलास म्हंजी. चालू झाला ना?"

"नाही मारला. आणि काका, संध्याकाळी येऊ नका."

"बरं," काका इतकंच म्हणाले. "गेणभाऊ, आजून काय हाय का तुमचं? ओव्हर."

शीलानं झिजलेलं बटण दाबलं.

"पोरी," पठारावरून आवाज आला, "त्यास्नी इचार, मी आज बी लई सरकलोय का?"

तिनं माइक तोंडाशी नेला.

"नाही," ती म्हणाली. "जाग्यावर आहात."