हाक न मारता सात बास्केट

डिस्कच्या कडेला चिकटलेलं गवताचं ओलं पातं ती नखाने काढत होती… निघत नव्हतं, म्हणजे निघालं असतं, पण तिला घाई नव्हती. पातं निघालं की मान वर करावी लागणार, आणि मान वर केली की समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला काहीतरी म्हणावं लागणार. काय म्हणू मी? सगळा घोळ तिथेच होता.

मागच्या मंगळवारपर्यंत ते तिचे सासरे होते. मंगळवारी कोर्टात घटस्फोटाच्या कागदावर सह्या झाल्या, नवरा ‘बरंय मग’ म्हणून जिना उतरून गेला — आणि नऊ वर्षं ज्यांना बाबा म्हटलं ते एका दुपारीत कोण झाले, हे त्या कागदात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तरी रविवारी सकाळी ती तळ्यावर आली. तेही आले. दोघं नेहमीसारखी डिस्क फेकायच्या पहिल्या चौथऱ्यावर उभी राहिली, झाडांमधल्या लोखंडी बास्केटकडे आणि तिच्या साखळ्यांकडे बघत, जणू आठवडाभरात काही घडलंच नाही.

हा खेळ त्यांनीच तिला शिकवला. थाळीसारखी प्लॅस्टिकची डिस्क फेकायची, साखळ्यांवर आदळून बास्केटमध्ये पडेपर्यंत फेकत राहायची. अशी नऊ बास्केट, तळ्याच्या कडेकडेने. नवरा रविवारी दहापर्यंत झोपायचा, त्यामुळे हे दोन तास या दोघांचेच. ती दिवसभर एक्स-रेच्या खोलीत परक्या माणसांना ‘श्वास रोखा, सोडा’ सांगते, ते जन्मभर लोकांच्या जमिनी मोजत फिरले. इथे दोघांनाही फार बोलावं लागत नसे. पण मध्येच बाबा म्हणायला मिळायचं… तिचे वडील ती दोन वर्षांची असतानाच गेले. तो शब्द तिने आयुष्यात वापरला तो यांच्यासाठीच.

आज मात्र जीव टांगणीला. कुठल्या तरी बास्केटपाशी ते घसा खाकरून म्हणतील, आता हे बरं दिसत नाही, पुढच्या रविवारपासून नको. आणि त्यांचं चूकही नसेल! म्हणून ती जपून बोलत होती. ‘वारा डावीकडून आहे.’ ‘आता तुमची पाळी.’ हाक न मारताही माणसाशी किती बोलता येतं — सात बास्केट निभावली की.

आठवं अगदी पाण्याला लागून. त्यांनी आपली डिस्क फेकली, आणि तिची बाकी असतानाच भान नसल्यासारखे पुढे चालू लागले. हे तिला दिसलंच नाही, ती आपल्याच विचारात. डिस्क हातातून सुटली, वाऱ्याने उचलली, आणि सरळ त्यांच्या मानेच्या रोखाने…

“बाबा!”

ते खाली वाकले. डिस्क डोक्यावरून जाऊन काठाच्या चिखलात रुतली. ते गेले, ती डिस्क उचलली, बाहीला पुसली आणि तीस पावलं मागे येऊन तिच्या हातात दिली. उचलली! डिस्क पडते तिथूनच पुढची फेक, बोटभरही इकडेतिकडे नाही — याच माणसाने सख्ख्या मुलालाही कधी सूट दिली नव्हती.

“अहो, उचललीत कशाला? आता फेकायची कुठून?”

“हो की,” ते म्हणाले. मग हातांना लागलेला चिखल चोळून काढू लागले. “मला वाटलं, तू आज हाक मारणारच नाहीस. सकाळपासून तेवढीच वाट बघतोय.”

तिला रडू नाही आलं. राग आला, खरं तर. मग तुम्ही तरी… आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की सकाळपासून त्यांनीही नेहमीचं ‘सूनबाई’ एकदासुद्धा म्हटलेलं नाही. तेही बिचारे ‘वारा’ आणि ‘पाळी’वरच भागवत होते.

ते तिच्या शेजारी उभे राहिले, चिखलातली ती नेमकी जागा डोळ्यांनी शोधत. सापडेना. पुढच्या रविवारचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही. एकमेकांचे आता कोण, हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसणारी ती एकटी नव्हती, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्याजवळ उभं राहायची तिला भीती वाटत नव्हती.