एक वाजताची हाक

मी एक जुनं जठर आहे. मित्रांनो, तुम्ही मला नुसतं पोट म्हणता, आणि भूक लागली की पोटात कावळे ओरडतात असंही म्हणता. इथे कावळा एकही नाही. ओरडतो तो मीच, आणि एकटाच.

माझे धनी कुलपं दुरुस्त करतात, चाव्या करून देतात. माझंही काम तसलंच. जेवायची वेळ झाली की मी रक्तात एक चावी सोडतो. शास्त्रज्ञ तिला ग्रेलिन म्हणतात. ती वाहत मेंदूच्या तळाशी जाते, तिथल्या कुलपात बसते आणि धन्यांना भूक लागते. जेवण खाली उतरलं की आतडं ‘आता पुरे’ सांगणाऱ्या आपल्या चाव्या पाठवतं. त्या पोचायला जरा वेळ लागतो. मेंदू मी कधी पाहिलेला नाही. घास आला की समजायचं, चावी लागली.

ही वेळ मला बाईंनी, म्हणजे धन्यांच्या बायकोने, लावली. दुकानामागेच स्वयंपाकघर. रोज एक वाजता त्या मधल्या फळीवर पळी वाजवायच्या. “उठा आता. कुलपं काही पळून जात नाहीत.” पुढे पुढे पळी वाजायच्या आधीच मी हाक मारू लागलो.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. पळी खिळ्यावरच राहिली. एक वाजला की मी चावी सोडायचो, धनी घोटभर चहा पिऊन पुन्हा कानस हातात घ्यायचे. संध्याकाळी उभ्या उभ्या भराभर गिळायचे; आतड्याचा निरोप पोचेपर्यंत पातेलं रिकामं.

भूक ही बरीचशी सवय असते. हाकेला कुणी ओ दिली नाही, तर ती हळूहळू विरते. माझीही दुपारची हाक बारीक होत चालली. बाईंचे कपडे वाटून झाले होते. त्या घरात त्यांची वेळ फक्त माझ्याजवळ उरली होती, आणि आता मीही ती विसरणार होतो. मला फार एकटं वाटायचं.

एके दुपारी बाईंची धाकटी बहीण अडकलेलं कुलूप घेऊन आली. धन्यांनी ते कानाला लावलं. दुकान शांत झालं. मी होतं नव्हतं ते बळ लावून हाक मारली.

“भाऊजी, कुलूप बोललं की तुम्ही?”

“पोट आहे. या वेळेला गुरगुरतं. होईल गप्प.”

तिने घड्याळ पाहिलं. “एक वाजलाय. ताई याच वेळेला पळी वाजवायची ना?”

धन्यांनी हातातलं कुलूप बाजूला सारलं. मग म्हणाले, “चल, दोन घास खाऊ.”

ती बोलत राहिली, म्हणून जेवण सावकाश झालं. आतड्याच्या चाव्या वेळेवर पोचल्या आणि धन्यांचा हात आपोआप थांबला.

दुसऱ्या दिवशी ती नव्हती. एक वाजता मी भीत भीत हाक मारली. धन्यांनी कानस खाली ठेवली. आत जाऊन खिळ्यावरची पळी काढली, फळीवर स्वतःच वाजवली, आणि एकटेच जेवायला बसले.

मित्रांनो, पोटाची हाक नुसत्या चहावर बोळवू नका. ती वेळ त्याला कुणीतरी प्रेमाने शिकवलेली असते.