पवनारले थांबते का?

दोन हजार सहा साली वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे गावच्या मयुरीनं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एसटीच्या वेळापत्रकाची वेबसाइट करायला घेतली. स्टँडवरचा फलक तिनं जसाच्या तसा उतरवला होता. "आधी प्रवाशांना विचारा," असं सरांनी सांगितलं, म्हणून छापलेलं पान घेऊन ती वर्ध्याच्या स्टँडवर गेली.

बाकावर गोपिकाबाई रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. पवनारहून रोज भाजी आणायच्या.

"पोरी, पवनारले आता कोणती गाडी हाय?"

मयुरीनं पान पाहिलं. "साडेअकराची नागपूर, मावशी. पवनारवरूनच जाते."

दोन दिवसांनी त्या पुन्हा भेटल्या.

"गाडी पवनारवरून गेली, पन थांबली नाई. जलद होती. पार पुढं सेलूले उतरवलं मले. घरी नातवाले लस द्याची होती, नर्सबाई निघून गेलती."

मयुरीचे डोळे भरून आले. "चुकलं माझं."

"अवं, रडून काऊन राह्यली? कागदावर होतं थेच तू सांगितलं. आमी येळ नाई इचारत. थांबते का, टोपल्या घेते का, थे इचारतो."

मयुरी मग आठ दिवस त्यांच्यासोबत पवनारला जात-येत राहिली. कंडक्टरांना विचारून प्रत्येक गाडीपुढे थांबे लिहिले, टोपल्यांचा रकाना केला.

गोपिकाबाईंचं सगळं ऐकून सर हसले. "ह्या बाई इंटरनेट बघणार आहेत का?"

मयुरीनं गोपिकाबाईंनाच विचारलं.

"मी कायले पाहू? आमी सारे मोतीलालले इचारतो."

मोतीलालचं पवनारच्या थांब्यावर फोनचं दुकान होतं, त्यात एक जुना कॉम्प्युटर. मयुरीनं साइट उघडून दाखवली. पान उघडायलाच पाच मिनिटं लागली.

"एवढ्या वेळात गाडी निघून जाईल ना, बाई," तो म्हणाला.

तिनं चित्रं काढून टाकली, रंग काढले. एकच पान ठेवलं, मोठ्या मराठी अक्षरांत. पुढच्या खेपेला ते झटकन उघडलं. मोतीलालनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि बाहेर उभ्या बायांना ओरडून सांगितलं, "पावणेदहाची थांबते! टोपल्या घेते!"

प्रोजेक्टला मार्क बेताचेच पडले. मयुरीला त्याचं फारसं वाटलं नाही. परीक्षा संपल्यावर मोतीलालचा फोन आला, "सेलूवाले विचारून राह्यले, त्यांच्या गाड्या कधी टाकता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सेलूच्या गाडीत बसली.