तिसरी कॉइल

निवेदितानं टॉर्च दातांत धरला, इंजिनावरचं झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि पान्याला हात घालायच्या आधी कॉइलचे तिन्ही बोल्ट नीट पाहून घेतले. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर उतरणारी पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती. तिनंच मारलेली. मशीन जहाजावर चढण्याआधी अशा रेघा मारायची वर्कशॉपची पद्धतच होती. बोल्ट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि नंतर कुणीतरी हात लावला हे कळतं. तिन्ही रेघा अखंड होत्या.

तिनं टॉर्चची काच बाहीला पुसली आणि पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहून रेघा तुटणार नव्हत्या, हे तिलाही कळत होतं. पण माणूस पाहतोच.

बर्फावर चालणारी ही स्नोमोबिल केंब्रिजच्या या संशोधन संस्थेतून अंटार्क्टिकाला गेली होती, आणि तिच्यावरून फिरायला सुहास खरात. भर वादळात ती बंद पडली. मशीन बंद पडलं तर त्याच्या आडोशाला बसून राहायचं, जागा सोडायची नाही, हा तिथला पहिला नियम. सुहास मशीन सोडून चालत निघाला. त्याचा देह सापडला त्याच आठवड्यात. मशीन मात्र बर्फाखाली गाडलं गेलं ते पुढच्या हंगामात उकरून काढलं आणि जहाजानं परत आणलं. पेट्रोलच्या नळीत बर्फ साचला होता, एवढं चौकशीत निघालं आणि चौकशी मिटली. त्यापुढे इंजिन उघडायची कुणाला गरज वाटली नाही. आता ते मोडीत निघायचं होतं. चांगले भाग काढून घ्यायचे, बाकीचं भंगारात.

तेवढ्यासाठी कुणी घाई केली नसती. पण चहाच्या खोलीत सुहासचे आईवडील बसले होते.

कडूबा खरात जालन्याला पोस्टमन होते, निवृत्त झालेले. मुलाची पुस्तकं आणि कपडे न्यायला ते आणि गयाबाई इतक्या लांब आले होते. उतरले होते लंडनमधल्या पिनरला, भाचीकडे. आदल्या दिवशी भाचीनं त्यांना किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेबांचं घर दाखवायला नेलं होतं. ते घर मुलाच्या सोबतीनं बघायचं, असं कडूबांनी कितीतरी वर्षं ठरवून ठेवलं होतं. दारापर्यंत गेले आणि पायरीवरून मागं फिरले, असं गयाबाईंनी सकाळी सांगितलं. कडूबा बोलले ते वेगळंच.

"ताई, मला एकच विचारायचंय. गाडी बंद पडल्यावर त्यानं ती चालू करायला हात लावला का? कळू शकतं का ते?"

"काका, पेट्रोलची नळीच बर्फानं बंद झाली होती. त्यानं तिन्ही प्लग बदलले असते तरी ती चालू झाली नसती."

"झाली असती, नसती झाली, ते राहू द्या. त्यानं हात लावला का?"

मग त्यांनी सांगितलं. सॅटेलाइटवरून शेवटचा फोन आला तेव्हा सुहास म्हणाला होता, बाबा, जीव उबगलाय, परत यावंसं वाटतंय. आणि कडूबा म्हणाले होते, आता मागं फिरलास तर लोक हसतील, काम पुरं करूनच ये. सांगताना त्यांचा आवाज कुठे कापला नाही. पत्ता वाचून दाखवावा तसं त्यांनी ते सांगितलं.

"तो धडपडला असेल, तर त्याला बर्फानं नेलं असं मी समजेन," ते म्हणाले. "आणि त्यानं मनातूनच सोडून दिलं असेल, तर ते माझ्यामुळं. मला कळायला पाहिजे."

गयाबाई चहाच्या कपात बघत होत्या. त्यांच्या चहावर साय धरली होती.

"आज इंजिन उघडणारच आहे मी," निवेदिता म्हणाली. "कळेल."

बोलून बसली. न बोलती तर काय बिघडत होतं, असं आता तिला वाटत होतं, पण शब्द तोंडातून गेला होता आणि तिकडे एक म्हातारा त्या शब्दावर जीव टांगून बसला होता.

तिनं पहिल्या बोल्टवर पाना चढवला. पिवळी रेघ तुटली. मग दुसरी, मग तिसरी. आता त्या रेघा अखंड होत्या हे जगात तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर त्याला वीज पुरवणारी एक कॉइल बोल्टनं बसवलेली असते, आणि तिचं खालचं रबरी नळकांडं प्लगला आवळून धरतं. वर्षभर बर्फात आणि नंतर समुद्राच्या खाऱ्या हवेत राहून ते रबर प्लगला असं काही चिकटलं होतं, की जणू एकाच साच्यातून ओतलंय. सरळ ओढली तर फाटते. हे तिनं सुहासला शिकवलं होतं, याच बाकावर, जायच्या आधीच्या ट्रेनिंगमध्ये. बाकीच्यांना इंग्रजीत सांगून झाल्यावर त्याच्याशी ती मराठीत बोलायची. वर्कशॉपमध्ये तिला मराठी बोलायला मिळत होतं ते तेवढंच.

"ओढायची नाही. आधी डावी-उजवी फिरव. फिरली की समज सुटली, मग उचल."

"म्हणजे भाकरीसारखंच," सुहास म्हणाला होता. "तव्यावर फिरली तर उचलायची. नाही फिरली तर आई हातावर मारते."

तो हसरा होता. हसऱ्या माणसाचा जीव कशानं उबगला असेल, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिच्या नागपूरच्या नातेवाइकांच्या, इथल्या कौन्सिल टॅक्सच्या, भाड्याच्या गप्पा झाल्या, हे राहिलं. आता विचारून उपयोग नाही हे कळत असूनही तिला त्याचा राग आला. अरे, निदान एक बोल्ट तरी फिरवायचास.

तिनं गरम हवेची गन लावली, रबराच्या कडेनं तेल सोडलं, थांबली. पहिली कॉइल बराच वेळ हटून बसली, मग कुरकुरत थोडी फिरली, आणि तेल आत उतरल्यावर अख्खी वर आली. दुसरीनं त्याहून जास्त छळलं. निवेदिताच्या मनगटाला कळ लागली, पण तीही अख्खी निघाली. दोन्हींच्या रबरावर खारट पांढुरकी बुरशी धरल्यासारखा थर होता, आणि त्या थरावर कुणाच्या बोटाचा, पकडीचा, कशाचाही ओरखडा नव्हता. शोधायचं नाही म्हणत ती तोच शोधत होती.

तिसरी कॉइल मशीनच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला सगळ्यात आधी लागणारी. ती काही केल्या फिरेना. तिनं पुन्हा गरम केली, पुन्हा तेल सोडलं, पकडीला फडकं गुंडाळून हलक्या हातानं डावी-उजवी केली. मग काय झालं कोण जाणे, तिचा धीर सुटला. तिनं ओढली. सरळ वर, दात-ओठ खाऊन, शिकाऊ पोरांना जी गोष्ट करू नका म्हणून ती ओरडायची तीच केली. रबर कचकन फाटलं. अर्धं तिच्या हातात आलं आणि अर्धं खाली प्लगलाच राहिलं.

ती स्टुलावर बसली. फाटलेली कॉइल हातात तशीच.

न फिरवलेल्या बोल्टावरून काहीच सिद्ध होत नाही, हे ती कुणालाही पटवू शकली असती. हात बधिर झाले असतील. तंबू जवळ आहे असं वाटलं असेल. चालून पोचायचंच, जगायचंच, म्हणून तो निघाला असेल. यातलं काहीही खरं असू शकतं. आणि उलटही खरं असू शकतं. ते आता कुणालाच कळणार नव्हतं. पण हे सगळं तिनं चहाच्या खोलीत जाऊन सांगितलं असतं, तर कडूबांनी मान डोलवत शांतपणे ऐकून घेतलं असतं आणि जालन्याला जाताना एकच शब्द सोबत नेला असता. नाही.

तिनं फडकं घेतलं आणि कॉइलवरचं तेल पुसून काढलं. मग अजून एकदा पुसलं.

ती आत आली तेव्हा कडूबा उठून उभे राहिले. तिनं कॉइल टेबलावर ठेवली. कसं सांगायचं, याची तिनं येता येता मनात जुळवाजुळव केली होती, पण तिला काही बोलावंच लागलं नाही.

"हे फाटलंय," कडूबा म्हणाले.

"हो काका."

"हे जाग्यावरून काढायचं असतं? गाडी चालू करायची तर?"

"हो. ते निघाल्याशिवाय प्लगला हात पोचत नाही."

"मग हे ओढलंय कुणीतरी."

"जोरात ओढलंय," निवेदिता म्हणाली.

"सुहासनं?"

खिडकीबाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडत होतं. निवेदिता तिकडे बघत म्हणाली, "हो."

कडूबा खाली बसले. त्यांचे खांदे इतके उतरले, की इतका वेळ ते किती ताठ धरून ठेवले होते ते तिला आता दिसलं. तिला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

गयाबाईंनी कॉइल उचलली. त्यांनी ती आधी मांडीवर ठेवली, मग रबराच्या फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. बाहेरून रबर पांढुरकं, जुनाट झालेलं होतं. फाटलेली कड मात्र काळीभोर होती. त्यांच्या अंगठ्याला ताजा काळा भुगा लागला, आणि थोडं तेल. कितीही पुसलं तरी रबराच्या फटीत तेल राहतंच. त्यांनी अंगठा नाकाशी नेला. मग मान वर करून निवेदिताकडे पाहिलं, आणि ती नजर इतकी थेट होती की निवेदिताला तिथून निघून जावंसं वाटलं. आता ही बाई विचारणार, आणि आता खोटं बोलायची आपली ताकद संपली, एवढं तिला कळलं.

गयाबाईंनी अंगठा पदराला पुसला.

"प्लग तीन असतात म्हणाला होतात सकाळी," कडूबा म्हणाले. त्यांचं लक्ष कॉइलवरच होतं. "बाकीच्या दोन? त्याही फाटल्यात का?"

निवेदितानं तोंड उघडलं. बाकावर दोन अख्ख्या कॉइल शेजारी-शेजारी पडलेल्या होत्या, आणि कडूबा उठून बघायला आले असते तर चार पावलांवर होत्या.

"कशा फाटतील?" गयाबाई म्हणाल्या. "एकीशीच झटून हात फुटले असतील लेकराचे. त्याचा स्वभाव नाही का तुम्हाला ठाऊक? एक झाल्याबिगर दुसरीला हात नाही लावायचा. पुढं वाऱ्यानं उभंच राहू दिलं नसेल."

कडूबांनी मान हलवली. ते म्हणाले, "तसाच होता तो."

गयाबाईंनी कॉइल त्यांच्या हातात दिली आणि त्यांची बोटं तिच्याभोवती मिटवली. मग त्यांनी निवेदिताचा हात धरून तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. हात तसाच धरून राहिल्या, घट्ट, दुखेल इतका.

"त्या दिवशी वारा फार होता का हो ताई?" कडूबांनी विचारलं.

"फार होता, काका," निवेदिता म्हणाली, आणि निदान हे तरी खरं होतं.