चिखलातले आजोबा

युद्धात माणसं मरतात, सैनिक मात्र अमर असतात. मिरा रोडच्या निकेतकडचे तर होतेच, कारण ते त्याने स्वतः जोडून रंगवलेले रेझिनचे छोटे पुतळे होते आणि त्यांच्यावरची धूळ पुसायला त्याच्या बायकोला, समिधाला, मनाई होती.

शेवंतीआत्या पंच्याऐंशीची. एकदा त्या काचेच्या कपाटासमोर उभी राहून म्हणाली, "इतके गोरे शिपाई केलेस, त्यांची बायकापोरंही केलीस. एक आमचे बाबा कर की. मला एकदा बघायचेत."

बाबा म्हणजे निकेतचे आजोबा. आत्या तीन वर्षांची असताना रत्नागिरीहून लढाईवर गेले, ते इटलीतच राहिले. फोटो नव्हता.

निकेतने काम गांभीर्याने घेतलं. म्हणजे दोन वर्षं लावली. पट्ट्याच्या बकलावरून पोलंडमधल्या एका गृहस्थाशी त्याचं ऑनलाइन भांडण झालं. पुतळ्यासाठी तयार मिळालेल्या परदेशी डोक्याचं नाक घासून घासून त्याने घराण्याच्या नाकाजवळ आणलं. त्यासाठी स्वतःचं नाक आरशात इतकं न्याहाळलं, की समिधाने एका डॉक्टरचं नाव सुचवलं.

आत्याचा अधूनमधून फोन यायचा. "झाले का रे बाबा?"

"डोळे राहिलेत, आत्या."

"आवर लवकर. माझे चाललेत."

शेवटी वीतभरही नसलेले आजोबा तयार झाले, इटलीच्या चिखलात घोट्यापर्यंत रुतलेले. आत्या रिक्षा करून आली. निकेतने तिच्या हातात भिंग दिलं. तिने ते चेहऱ्यावरून झरकन खाली नेलं आणि चिखलावर थांबवलं.

"पाय कुठायत?"

"चिखलात. तिथे चिखल फार होता, आत्या. चेहरा बघ ना."

"चेहरा मला काय ठाऊक? ते निघाले तेव्हा मी पायाला मिठी मारून बसले होते. नवे करकरीत बूट. आईने ओढून काढलं मला. तेवढे पायच आठवतात बघ."

"हे आधी नाही बोललीस."

"तू बकलाचं सांगत होतास. मध्ये कशाला बोलू?"

समिधाने चहा आणून ठेवला, तो कुणी उचलला नाही.

"असू दे रे," आत्याच म्हणाली. "आत आहेत ना पण?"

"आहेत."

तिने चिखलावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

बुटांच्या रेझिनमध्ये हवेचे बुडबुडे निघाले होते. चिखलात झाकलेच जाणार, म्हणून निकेतने ते बूट घोट्यापासून कापून सुक्या कचऱ्यात टाकले होते.