तीन मजल्यांचे फोटो

सकाळी दंतवैद्याच्या कवळ्या, दुपारी शाळेतल्या मुलांची ओळखपत्रं, संध्याकाळी कुणाचे तरी नवे कुकर. फोटोग्राफरनं वीस वर्षं हेच केलं होतं. वस्तूवरचा ओरखडा शोधायचा आणि फोटोतून पुसायचा. त्यामुळं त्याची नजर इतकी संशयी झाली की घरचे त्याला 'भिंग' म्हणायचे. "टोमॅटोचीसुद्धा उलटतपासणी घेतो," असं बायको सांगायची.

या खेपेला काम कपड्यांच्या कारखान्याचं होतं. धाकटी बहीण तिथं तिसऱ्या मजल्यावर शिवणयंत्रावर बसायची. मॅनेजरला त्याचं नाव तिनंच सुचवलेलं. माल घेणाऱ्या कंपनीला प्रत्येक मजल्यावरच्या आग विझवायच्या सिलिंडरांचे फोटो हवे होते.

पहिल्या मजल्यावर चार लाल सिलिंडर भिंतीला लटकत होते. फोटो झाले. मॅनेजर म्हणाला, "चला, चहा घेऊ."

दुसऱ्या मजल्यावर चार. पुन्हा चहा.

"आत्ताच घेतला की," भिंग म्हणाला.

"घाई कसली? वर जरा आवरतायत."

पाणी कुठंतरी मुरत होतं. चहा पिता पिता भिंगला जिन्यातून धापा आणि लोखंड आपटल्याचा आवाज ऐकू आला. तिसऱ्या मजल्यावरही चार सिलिंडर; त्यांचे फोटो काढून त्यानं कॅमेऱ्यातले आधीचे फोटो मोठे करून पाहिले. एका सिलिंडरला मुठीखाली पोचा होता. तोच पोचा तिन्ही मजल्यांवर. मागच्या दाराला कुलूप, दारापुढं कापडाचे गठ्ठे. बहिणीनं यंत्रावरून एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"साहेब, हे सिलिंडर ओळखीचे वाटतात."

"एकाच कंपनीचे. सारखेच दिसणार."

"पोचाही एकाच जागी?"

मॅनेजरनं आवाज आणखी मऊ केला. "तो तेवढा पुसून टाका. तुमची बहीण इथंच असते ना? काम चांगलं करते हं."

घरी येईपर्यंत भिंगच्या डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. गावात इतके फोटोग्राफर असताना बहिणीनं आपलंच नाव का दिलं? ती मॅनेजरला सामील तर नाही? संध्याकाळी ती आली, तेव्हा त्यानं तोंडावरच विचारलं.

"सामील?" ती म्हणाली. "दादा, वर शंभर बायका बसतो आम्ही. दाराची किल्ली त्याच्या खिशात. कापड चोरीला जातं म्हणे. तू आलास तर तुला दिसेल, एवढंच मला माहीत होतं."

"मग आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर आला असतास?"

तो आला नसता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुझी नोकरी जाईल," तो शेवटी म्हणाला.

"जाऊ दे. पोचा पुसू नकोस."

त्यानं फोटो होते तसे, काढल्याच्या वेळेसकट, थेट माल घेणाऱ्या कंपनीकडं पाठवले. खाली लिहिलं: 'न कळवता या.' पुढचे आठ दिवस त्याला चैन नव्हतं. फोन वाजला की मॅनेजर वाटायचा. समोर उभी राहिलेली प्रत्येक मोटार आपल्याच पाळतीवर आहे असं वाटायचं. एक जण फोटो काढून घ्यायला आला, तर भिंगनं त्याला पोटापाण्याचं काय करता म्हणून इतकं खोदून विचारलं की तो बिचारा तसाच परत गेला.

नवव्या दिवशी कंपनीची माणसं कारखान्यात धडकली. मॅनेजर गेला, प्रत्येक मजल्याला सिलिंडर आले, मागचं दार उघडलं. कुणी कळवलं हे सगळ्यांनी ओळखलं. बहिणीला खालच्या मजल्यावर खोकी भरायला बसवलं आणि त्या भागातल्या एकाही कारखान्यानं भिंगला पुन्हा बोलावलं नाही. तो पुन्हा कवळ्यांकडं वळला.

महिन्यानं बहीण घरी आली.

"वर आता वारा येतो," ती म्हणाली. "कापड उडतं म्हणून नवा साहेब कुरकुरतो."

"दार लावून तर घेत नाही ना?"

"त्याचा काय भरवसा? जेवायच्या सुट्टीत रोज वर जाऊन ढकलून बघते."